'अ. पा. क.' म्हणजे सांभाळणारा, मालक नव्हे

घरातला सातबारा जरा पेटीतून बाहेर काढा आणि खातेदारांच्या नावांवरून एकदा बोट फिरवा. बऱ्याच उताऱ्यांवर एखाद्या नावाला चिकटून 'अ. पा. क.' ही तीन अक्षरे दिसतील. चावडीवर त्याचा उच्चार सरसकट 'अपाक' असा होतो. अमका अपाक तमका. वर्षानुवर्षे आपण ही अक्षरे वाचतो, पण त्यांचा नेमका अर्थ विचारला तर दहातले आठ जण मान खाजवतील. उरलेले दोघे जो अर्थ सांगतील, तोही बहुधा उलटाच असेल.

अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. इथे 'अज्ञान' या शब्दाचा ज्ञानाशी काडीचा संबंध नाही. पोरगं शाळेत पहिलं येत असेल, मोबाईलवर बापाला पीकविम्याचा अर्ज भरून देत असेल, तरी १८ वर्षे पुरी होईपर्यंत कायद्याच्या भाषेत ते अज्ञानच. त्याच्या वतीने जो मोठा माणूस कारभार पाहतो तो पालनकर्ता. 'अ. पा. क.' च्या अलीकडे ज्याचे नाव, तो जमिनीचा मालक. पलीकडे ज्याचे नाव, तो फक्त सांभाळणारा. गावोगाव नेमकी हीच उलटापालट होते. पलीकडचे नाव मोठ्या माणसाचे, मिशीवाल्याचे, म्हणून तोच धनी समजला जातो आणि अलीकडचे लेकरू नावापुरते राहते.

हा विषय आजच काढण्याचे कारण आहे. २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर राबवली गेली. वर्षानुवर्षे उताऱ्यावर राहिलेली मयतांची नावे कमी करून वारसांची नावे लावण्याची ही मोहीम. काम चांगलेच होते, त्याबद्दल दुमत नाही. पण मयताच्या जागी वारस आले म्हणजे त्यांत लहान मुलेही आली, आणि मुले आली म्हणजे 'अ. पा. क.' आले. त्या रकान्यात कोणाचे नाव घातले गेले, हे किती जणांनी डोळे उघडे ठेवून पाहिले?

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, स्वतःच्या मालकीची चार एकर जमीन असलेला एक शेतकरी मृत्युपत्र न करता वारला. मागे म्हातारी आई, बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने या चौघांचे हिस्से सारखे, म्हणजे प्रत्येकी एक एकर. दोन्ही लेकरांचे मिळून दोन एकर झाले. दिवसकार्य उरकले, वारस नोंद करायची वेळ आली. बाईला चावडीची पायरी ठाऊक नाही. सगळी धावपळ थोरल्या दिराने केली. कागद त्यानेच दिले आणि मुलांच्या नावापुढे पालनकर्ता म्हणून स्वतःचे नाव सांगितले. कोणी हरकत घेतली नाही, फेरफार मंजूर झाला. पुढे दोन वर्षांनी त्याच दिराने "पोरांच्या शिक्षणासाठी" म्हणून त्या दोन एकरांचा सौदा केला.

तुम्ही त्याला विचारा, "भाऊ, हे कशाच्या जोरावर?" तो सांगेल, "पोरं आमच्या ताब्यात आहेत, त्यांचं खाणंपिणं आम्ही करतो, उताऱ्यावर अपाक आमचं नाव आहे." एका दमात त्याने तीन गोष्टी सांगितल्या. कायद्यात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि इथेच सगळी मेख आहे.

घोटाळ्याला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. 'ताबा' हा शब्द आपण जमिनीलाही वापरतो आणि मुलालाही. जमिनीचा ताबा म्हणजे वहिवाट, कोण नांगरतो, कोण पेरतो. मुलाचा ताबा म्हणजे ते कोणाच्या घरी राहते, कोणाच्या ताटात जेवते, आजारी पडले तर त्याच्या उशाशी कोण बसते. शब्द एकच असल्यामुळे 'पोर ज्याच्या ताब्यात, पोराची जमीन त्याच्या ताब्यात' असा सरळसोट हिशेब मांडला जातो. कायदा तो मानत नाही. मुलाचा ताबा एकाकडे, त्याचे पालकत्व दुसऱ्याकडे, असे होऊ शकते. आणि ताबा व पालकत्व दोन्ही एकाच माणसाकडे असले तरी मुलाची जमीन विकायचा अधिकार त्याच्याकडे आपोआप येत नाही.

आधी पालकत्वाचे पाहू. १९५६ चाच आणखी एक कायदा आहे, हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा. त्याच्या कलम ६ प्रमाणे मुलाचा आणि अविवाहित मुलीचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई. पाच वर्षांच्या आतले मूल सर्वसाधारणपणे आईजवळच असावे, हेही त्याच कलमात लिहिले आहे. चुलता, आजोबा, मामा ही नावे त्या यादीत नाहीत. म्हणजे बाप वारला की त्या क्षणापासून आई पालक. त्यासाठी तिला कोणाचा दाखला लागत नाही, दिराची संमती लागत नाही. बापाने मृत्युपत्रात आपल्या भावाला पालक नेमून ठेवले असले, तरी आई हयात आहे तोवर ती नेमणूक चालत नाही.

"पण बाईने दुसरे लग्न केले, मग?" हा प्रश्न पारावर हमखास येतो. दुसरे लग्न केले म्हणून आईचे पालकत्व जाते असे या कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. तिचा नवा नवरा मात्र त्या मुलांचा नैसर्गिक पालक होत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. आणि पहिल्या नवऱ्याकडून तिच्या नावावर आलेला तिचा स्वतःचा हिस्साही दुसऱ्या लग्नाने जात नाही. "गेली ती गेली, आता तिचं इथं काय?" हे वाक्य भावकीच्या बैठकीत कितीही जोरात म्हटले, तरी त्याला कागदावर किंमत नाही.

बाप जिवंत आहे पण असून नसल्यासारखा, अशीही घरे असतात. शेतजमिनीच्याच एका वादात, जिजाबाई खटला म्हणून जो ओळखला जातो, सत्तरीच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला. नवरा-बायको वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहत होते, अज्ञान मुलीच्या मिळकतीचा कारभार आईच पाहत होती, बापाने कधी ढुंकून पाहिले नव्हते. अशा वेळी बाप नसल्यासारखाच, पालक आईच, असे न्यायालयाने धरले. पुढे १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या गाजलेल्या खटल्यात याच न्यायालयाने सांगितले की कलमातला 'त्याच्यानंतर' हा शब्द बाप मेल्यानंतर एवढ्याच अर्थाने वाचायचा नाही. बाप कोणत्याही कारणाने मुलाकडे पाहत नसेल, तर आई पालक होऊ शकते.

मुलाच्या ताब्याचा वाद असेल तर तो जिल्हा न्यायालयात किंवा जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे सुटतो. मूल नेहमी जिथे राहते तिथले न्यायालय. त्यात आईचा हक्क मोठा की आजोबांचा, यापेक्षा लेकराचे हित कशात, हा निकष पहिला. पोलीस पाटील, सरपंच, भावकीचे पंच यांनी समजूत घालावी, जरूर घालावी, कोर्टाच्या खेपा वाचल्या तर चांगलेच. पण "मी मुलांवरचा हक्क कायमचा सोडला" असा कागद बाईकडून स्टॅम्पवर लिहून घेणे, मग तो पूर्वीचा शंभराचा असो की आताचा पाचशेचा, हे काही खरे नाही. आईबापाने मूल दुसऱ्याकडे सांभाळायला दिले तरी ते परत मागता येते, हे तत्त्व शंभर वर्षांपूर्वीचे आहे. जे. कृष्णमूर्तींच्या वडिलांनी १९१० मध्ये कागद करून आपले दोन मुलगे अ‍ॅनी बेझंट यांच्या हवाली केले, पुढे परत मागितले आणि भांडण थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९१४ मध्ये वेगळ्या कारणांवरून बेझंटबाईंच्या बाजूने निकाल लागला, पण बापाने दिलेला असा अधिकार मागे घेता येण्याजोगा असतो, हे कौन्सिलने त्यातच सांगून ठेवले. एवढ्या मोठ्या लोकांचा कागद टिकला नाही, तिथे आपल्या चावडीवरच्या कागदाचे काय!

आता विक्रीकडे येऊ, कारण घरे बसतात ती इथे. समजा, दिराऐवजी आईचेच नाव अ. पा. क. म्हणून लागले, म्हणजे जसे हवे तसे झाले. तरी ती मुलांची जमीन विकू शकते का? आपल्या सहीने, परस्पर, नाही. बाप जिवंत असला आणि जमीन मुलाच्या नावावर असली, तर बापालाही तोच नियम. त्याच पालकत्व कायद्याचे कलम ८ सांगते की न्यायालयाची आधी परवानगी घेतल्याशिवाय नैसर्गिक पालकाने अज्ञानाची स्थावर मिळकत विकायची नाही, गहाण टाकायची नाही, तिच्यावर बोजा चढवायचा नाही, बक्षीस द्यायची नाही, अदलाबदल करायची नाही किंवा दुसऱ्या कोणत्याही रीतीने हस्तांतरित करायची नाही. म्हणजे बहिणीच्या वाट्याचे जे हक्कसोडपत्र आईच्या सहीने चुलत्यांच्या नावे करून घेतात, तेही यातच आले. पाच वर्षांहून जास्त मुदतीचा, किंवा मूल १८ वर्षांचे झाल्यावर एका वर्षाच्या पुढे जाणारा भाडेपट्टाही परवानगीशिवाय करता येत नाही. सौर प्रकल्पासाठी लांब मुदतीने जमीन देण्याचे करार सध्या गावोगाव होत आहेत. त्यात एखाद्या अज्ञान खातेदाराचा हिस्सा असेल तर कंपनीचा माणूस "इथं आईची सही चालेल" म्हणाला तरी तुम्ही चालवून घेऊ नका.

परवानगी मिळतच नाही असे नाही. जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो, गरज खरी आहे किंवा व्यवहारात मुलाचा उघड फायदा आहे हे दाखवावे लागते. आजारपण असेल, शिक्षण असेल, पडीक तुकडा विकून चांगली जमीन घ्यायची असेल. बहुधा न्यायालय मुलाच्या वाट्याची रक्कम त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगते. वकिलाची फी लागते, महिने जातात, हे खरे. विधवा बाईने हा खर्च कुठून करायचा हा प्रश्न रास्त आहे. तिने तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रियांना आणि मुलांना तिथून मोफत वकील मिळण्याची कायद्यातच तरतूद आहे, मिळकतीची अट त्यांना नाही.

परवानगी न घेता आईबापाने विकलीच, तर? तो व्यवहार मूल मोठे झाल्यावर रद्द ठरवू शकते. आणि आईबाप सोडून दुसऱ्याच कोणी, म्हणजे आमच्या उदाहरणातल्या दिराने विकली तर? त्याची गत त्याहून वाईट. कलम ११ म्हणते की प्रत्यक्षात सांभाळ करतो एवढ्या कारणावरून कोणालाही अज्ञानाच्या मिळकतीचा व्यवहार करता येत नाही. तो व्यवहार मुळातच पोकळ. सातबारावर त्याचे नाव अ. पा. क. म्हणून आहे याने फरक पडत नाही. महसुली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, हे ठीक. पण नोंदीने कोणी मालक होत नाही, तसा नोंदीने कोणी पालकही होत नाही.

मुसलमान बांधवांकडे नियम निराळा आहे. तिथे मुलाचा सांभाळ करण्याचा आईचा हक्क मोठा, त्याला हिजानत म्हणतात. पण मिळकतीचा पालक बाप, तो नसेल तर त्याने नेमलेला माणूस, नाहीतर बापाचा बाप. न्यायालयाने नेमले नसेल तर आईने किंवा भावाने केलेली अज्ञानाच्या जमिनीची विक्री अगदी रद्दबातल, हे १९१८ पासून ठरून गेले आहे. म्हणजे इथेही ताबा वेगळा आणि जमीन वेगळी.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जमीन एकत्र कुटुंबाची, न वाटलेली असेल आणि घरचा कर्ता ती विकत असेल, तर कलम ८ तिथे लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले आहे. कर्त्याला कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी अज्ञानाच्या हिश्शासकट जमीन विकता येते. उताऱ्यावर 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असा जो शेरा असतो, तो याच पद्धतीतला. ही फट माहीत असलेले लोक प्रत्येक व्यवहार 'एकत्र कुटुंबाचा' म्हणून रंगवतात. बापाच्या मागे वारसाहक्काने मुलाच्या नावे स्वतंत्र आलेला हिस्सा आणि एकत्र कुटुंबातला न वाटलेला हिस्सा यात फरक आहे. तो फरक तुमच्या प्रकरणात कसा पडतो, हे वकिलाला जुने फेरफार दाखवूनच विचारा. त्यासाठी पारावरचा सल्ला पुरणार नाही.

घेणाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. स्वस्तात मिळते म्हणून अ. पा. क. शेऱ्याची जमीन घेणारा माणूस जमिनीबरोबर एक वादही विकत घेत असतो. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला म्हणजे व्यवहार शुद्ध झाला, असे नव्हे. मुदतीच्या कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाला, १८ वर्षांचा झाल्यावर, पालकाने केलेली विक्री रद्द करून मागायला तीन वर्षे मिळतात. म्हणजे सात वर्षांच्या मुलीची जमीन तुम्ही आज घेतली, तर चौदा वर्षे टांगती तलवार. विहीर खणा, पाइपलाइन करा, फळबाग लावा, तलवार जागेवरच. शिवाय २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले की मोठा झालेला मुलगा अशी विक्री मोडायला दर वेळी दावाच लावील असे नाही. तीच जमीन त्याने मुदतीत दुसऱ्याला विकली, तर त्या स्पष्ट वागणुकीनेही जुना व्यवहार मोडू शकतो.

चुलत्यांना सरसकट चोर ठरवण्याचा आमचा हेतू नाही. भावाच्या माघारी त्याची पोरे पोटच्यासारखी वाढवणारे, त्यांच्या रानाला आधी पाणी देऊन मग आपल्या रानाला देणारे चुलते आम्ही पाहिले आहेत. पण अशा भल्या माणसालाही कायद्याचा कागद बरोबर असण्याने नुकसान नाही, उलट उद्या त्याच्यावर बोट उठणार नाही.

आता तलाठी भाऊसाहेबांना, ज्यांना हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि मंडळ अधिकाऱ्यांना दोन शब्द. वारस नोंदीला जो माणूस चावडीवर येतो त्याचेच नाव पालनकर्ता म्हणून घालायची जी सवय पडली आहे, ती सोडा. आई हयात आहे का, एवढा एक प्रश्न विचारा. आई असेल तर तिचेच नाव लावा. दुसरा कोणी सांगत असेल तर न्यायालयाचा नेमणुकीचा हुकूम मागा. फेरफाराची नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीला असतात, ती नोटीस माहेरी गेलेल्या बाईपर्यंत खरोखर पोचली का, हे कोतवालाला विचारा. आणि वारसाचे वय लिहिताना नुसते 'वय १० वर्षे' असे लिहू नका, जन्मतारीख लिहा. नुसते वय लिहिल्यामुळेच आज चाळिशी उलटलेल्या, स्वतः लेकुरवाळ्या झालेल्या खातेदारांच्या नावापुढे अजून 'अ. पा. क.' लोंबकळते आहे.

हा शेरा आपोआप जात नाही. मूल १८ वर्षांचे झाले की जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो. ई-हक्क प्रणालीवर 'अ. पा. क. शेरा कमी करणे' असा अर्जाचा स्वतंत्र प्रकार आहे. सेतू केंद्रातूनही तो भरता येतो. जुन्या मंडळींना आठवत असेल, न्यायालयाने पालक नेमलेला असेल तर वयाची मर्यादा १८ ऐवजी २१ धरली जात असे. १९९९ च्या दुरुस्तीने ते गेले, आता सगळ्यांना १८ च. अर्ज मुलाने स्वतःच्या सहीने करायचा असतो. घरातल्या मोठ्यांनी त्याला तो फॉर्म भरून द्यावा, आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी द्यावा.